खुर्चीतली वीस मिनिटं

४ मार्च

स्कॅनच्या दाराबाहेर भिंतीला पाठ टेकून बसलेल्या माझ्या माणसांनो! तुमची किडनी दुखते आज, आणि तिचं चित्र काढायची तारीख मिळते चार महिन्यांनंतरची. मी तुम्हाला विचारतो, दुखणं तारीख बघून थांबतं का?

उद्याच्या सभेची सुरुवात अशीच करायची. ‘थांबतं का?’ नंतर पाण्याचा घोट घ्यायचा. लोकांना ‘नाही’ म्हणायला वेळ मिळतो.

ही वही लेकीनं दिली. ती बांधणीच्या कारखान्यात काम करते, आठ तास उभ्यानं पानं दुमडते आणि शिवते. म्हणाली, “बाबा, भाषणं चिठ्ठ्याचपाट्यांवर लिहून हरवता, यात लिहा. पण पान फाडू नका. एक फाडलं की शिवणीतलं जोडीचं पान सुटतं.” मी म्हटलं, मी लिहिलेलं फाडत नसतो. एकतीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, युनियनच्या प्रत्येक संपात पहिलं भाषण माझं. लोक ‘भोंगा’ म्हणतात. म्हणोत. भोंगा वाजल्याशिवाय पाळी बदलत नाही.

आता रुग्ण समितीचा अध्यक्ष आहे, आणि कारण घरातलंच आहे. लेकीच्या डाव्या किडनीतून लघवी खाली नेणारी नळी सुरुवातीलाच अरुंद होती. लघवी अडायची, किडनी फुगायची. गेल्या वर्षी पहिल्या चित्रासाठी तिला चार महिने ताटकळत ठेवलं. डिसेंबरात सर्जनबाईंनी तो अरुंद भाग कापून नळी पुन्हा जोडली. पुढच्या महिन्यात ऑपरेशननंतरचं चित्र काढायचंय. यावेळी रांग मोडूनच दाखवतो.

११ मार्च

समितीतर्फे स्कॅन विभागाची पाहणी केली. बाहेर बाकांवर बावीस माणसं. आत एकच कॅमेरा, आणि तो रिकामा! शेजारी हिरव्या लोखंडी खुर्चीत एक बाई आरामात बसलेली, पाय हलवत.

यंत्र चालवणाऱ्याला सगळे ‘उताणे’ म्हणतात, कारण दिवसभर त्याच्या तोंडी एकच वाक्य: “उताणे झोपा, हलू नका.” मी विचारलं, “उताणेसाहेब, ही बाई इथे कसली वाट बघतेय?”

“बसलीय. वीस मिनिटं बसणार, मग लघवीला जाऊन येणार, मग शेवटचं चित्र.”

“आणि तोवर कॅमेरा?”

“तोवर कॅमेरा थांबतो. मध्ये दुसरा माणूस घेता येत नाही, त्याचं अर्ध्यात सोडावं लागेल. अहो, ती बसली म्हणजे काय होतं...”

“बसायला घरी जागा नाही का तिच्या?” मी म्हटलं. समितीची माणसं खो खो हसली. बाईसुद्धा हसली. उताणे तेवढा हसला नाही, पण तो कधीच हसत नाही.

भाषणाला मुद्दा मिळाला. बाहेर बावीस माणसं उभी, आत एक खुर्ची बसलेली!

१९ मार्च

जिंकलो.

दोन दिवस फाटक अडवलं. आज अधीक्षकांनी आत बोलावलं. आमची पहिली मागणी दुसऱ्या कॅमेऱ्याची. अधीक्षक म्हणाले, कॅमेऱ्याचा विचार वरच्या पातळीवर चालू आहे. मग हळूच म्हणाले, “पण भोंगेसाहेब, तुम्ही भाषणात त्या खुर्चीचं जे म्हणालात, ते मला पटलं. प्रत्येकामागे वीस-पंचवीस मिनिटं वाचतील. रोज तीन-चार माणसं जास्त.” मी टेबलावर हात आपटला. “मग आजपासून!” ते म्हणाले, “आजपासून.”

इतक्या लवकर कुणी माझं ऐकल्याचं आयुष्यात आठवत नाही.

आणि गंमत म्हणजे ती खुर्ची त्यांनी आम्हालाच देऊन टाकली. मोडीत काढल्याचा कागद तिथल्या तिथे केला. पोरांनी ती खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर मिरवली. समितीला जागा नाही, म्हणून खुर्ची माझ्या घरी. उजव्या हाताला दवाखान्याची चिकटपट्टी गुंडाळलेली, पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा. हे मी तिच्यातच बसून लिहितोय. बसायला झकास आहे.

बायको म्हणाली, “कॅमेरा मागायला गेलात आणि खुर्ची घेऊन आलात.” तिला राजकारण कळत नाही.

२३ मार्च

रविवार. लेक घरी होती. खुर्चीकडे बघून म्हणाली, “अगंबाई, ही तर तीच! ऑपरेशनच्या आधी मी हिच्यात बसले होते. उताणेकाका म्हणाले होते, बसूनसुद्धा रिकामी होत नाही, म्हणजे खरंच अडलंय.”

“बघ,” मी म्हटलं, “तुझीसुद्धा वीस मिनिटं खाल्ली हिनं.”

ती काहीतरी आणखी सांगत होती. हल्ली आडवी झाली की डाव्या कुशीत भरल्यासारखं वाटतं, कामावर उभी असली की हलकं वाटतं, दुखत तर मुळीच नाही. “कारखान्यातली खळीची बाटली आडवी ठेवली ना बाबा, की खळ तळाशी बसून राहते. उभी उलटी केली की येते. तसं वाटतं.” मी म्हटलं, “तू डॉक्टर का खळवाली? जे काय ते चित्रात दिसेल.” तिनं मान हलवली आणि बशी उचलून आत गेली.

अधीक्षक म्हणतात, महिन्याभरात रांग पाच आठवड्यांवर येईल. चार महिन्यांवरून पाच आठवडे! हे मी केलं.

१७ एप्रिल

लेकीचा स्कॅन. मी बाहेर घड्याळ लावून बसलो होतो. नऊ दहाला आत, नऊ अठ्ठेचाळीसला बाहेर. गेल्या वर्षी तासभर लागला होता. बाकावरच्या लोकांना घड्याळ दाखवलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “भोंगेसाहेब, देव तुमचं भलं करो.”

उताणे दारापर्यंत आला. “शेवटचं चित्र आता घेत नाही आम्ही,” म्हणाला. “फुगलेली किडनी आडव्यानं...”

“उत्तम,” मी म्हटलं. “असंच चालू द्या.”

तो पुढच्या माणसाला हाक मारायला वळला.

२२ एप्रिल

कागद आला. तो जसाच्या तसा उतरवून ठेवतो, पुढे पुरावा म्हणून लागेल.

‘डाव्या किडनीचा कामातला वाटा एकेचाळीस टक्के. किडनीची पिशवी फुगलेली. लघवी सुटण्याचे इंजेक्शन देऊनही द्रव साचून राहिला. आलेख खाली उतरत नाही. अडथळ्याची शक्यता. पेशंटची स्थिती: उताणी. उशिराचे चित्र: घेतले नाही.’

शेवटच्या दोन ओळी नेहमीच्या छापील. मुख्य ते वर आहे. आलेख उतरत नाही! म्हणजे ऑपरेशन फसलं. माझ्या लेकीला पाच तास टेबलावर झोपवली, पोटाला वीतभर टाके घातले, आणि आलेख उतरत नाही.

बायको रडली नाही. भाजी चिरत होती ती चिरतच राहिली, नेहमीपेक्षा बारीक.

२४ एप्रिल

सर्जनबाईंकडे गेलो. लेक, मी, बायको. बाईंनी कागद दोनदा वाचला. मग लेकीला विचारलं, “दुखतं का? ताप?” लेक म्हणाली, “नाही, मॅडम. उभी असले की तर...”

मी म्हटलं, “तिला काय विचारता? कागदावर लिहिलंय की.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “कागद मला पुरा वाटत नाही. बरीच वर्षं फुगलेली पिशवी जोड मोकळा झाला तरी लगेच आकसत नाही. अशा वेळी माणूस आडवा असला की...”

“पुरा वाटत नाही?” मला राहवलं नाही. “तुमच्या हातचं काम फसलं की कागद अपुरा होतो वाटतं! यंत्र खोटं, कागद खोटा, फक्त तुमची कात्री खरी!”

“माझं म्हणणं एवढंच, की चित्र पुन्हा घेऊ. यावेळी तिला बस...”

“पुन्हा? आणखी पाच आठवडे? तोवर किडनीचं काय उरेल? गेल्या वर्षी चार महिने घालवलेत, तेवढ्यानं पोट भरलं नाही का?”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. दाराबाहेर माणसं गोळा झाली होती. मी त्यांच्याकडे वळून बोललो, आणि आज फार चांगलं बोललो. शब्द आपोआप येत होते.

घरी येताना लेक बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही.

२ मे

फाटकासमोर सभा. तीनशेच्या वर माणसं. बाईंच्या बदलीची मागणी. मी सांगितलं, की चूक करणारा डॉक्टर मला समजू शकतो, चूक झाकायला वेळ मागणारा डॉक्टर नाही. टाळ्या संपेनात.

लेक आली नव्हती. तिचं म्हणणं, “त्यांनी वेळ मागितला, झाकायला मागितला असं कुणी सांगितलं?” मी म्हटलं, बाळ, जगाचा अनुभव. ती म्हणाली, “जगाचा आहे, माझा नाही. किडनी माझी आहे.”

पोटची पोर अशी बोलते तेव्हा वाईट वाटतं. पण ती घाबरली आहे. घाबरलेलं माणूस आपल्याच माणसावर चिडतं.

९ मे

बाईंची बदली झाली. दोन तासांवरच्या गावी, छोट्या दवाखान्यात. पोरं पेढे वाटूया म्हणत होती, मी नको म्हटलं. विरोधकाचा मान ठेवावा.

१२ मे

बाईंच्या वरच्या मोठ्या डॉक्टरांना भेटलो. समितीच्या ओळखीनं तीन दिवसांत वेळ मिळाली. काय माणूस! कागद हातात घेतला, दोन मिनिटांत खाली ठेवला. “स्वच्छ आहे. अडथळा आहे. पुन्हा करू. तीन जून.” कुठे शंका नाही, कुठे ‘पुरा वाटत नाही’ नाही. असा आत्मविश्वास हवा.

लेकीनं विचारलं, “डॉक्टर, मला बसवून एकदा चित्र घेता येईल का?”

ते हसले. “ताई, चित्र आमच्यासाठी असतं, फ्रेमसाठी नाही.”

मीसुद्धा हसलो. कागदावर सही तिला करायची होती. तिनं पेन हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी मान डोलावली. तिनं सही केली.

३ जून

चार तास चाळीस मिनिटं. झालं. मोठे डॉक्टर मास्क खाली करून बाहेर आले. “आत पहिल्या ऑपरेशनचे व्रण फार होते, सोडवायला त्रास झाला. जोड तसा मोकळा होता, पण एवढं उघडलंच होतं, म्हणून नव्यानं कापून जोडून दिलाय. काळजी नसावी.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. असं काम! जे बरं होतं तेही आणखी बरं करून दिलं.

५ जून

बायकोनं वॉर्डच्या पायऱ्यांवर विचारलं, “मोकळा होता, तर कापला का?”

मी तिच्यावर ओरडलो. सगळे बघत होते.

१४ जुलै

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. लेक घरी आहे, आत ठेवलेली तात्पुरती नळी काल काढली. कारखान्यानं तिच्या टेबलावर दुसरी मुलगी लावली.

आज संध्याकाळी उताणे आला. दारातच उभा. बायकोनं आत बोलावलं, बसायला खुर्ची पुढे केली. खुर्ची बघून तो जरा मागे सरला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. चहा घेतला नाही.

“ऑपरेशनच्या यादीत मुलीचं नाव वाचलं,” म्हणाला. “उशिरा वाचलं. मी रजेवर होतो.”

मी म्हटलं, “मग? आता बरी आहे ती.”

“तिला अडथळा नव्हता, भोंगेसाहेब.”

मी काही बोलायच्या आत त्यानं हात वर केला. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासमोर हात वर केला आणि मी थांबलो.

“आता मी बोलतो. दोनदा बोलायला आलो, दोनदा तुम्ही माझं वाक्य तोडलंत. तिसऱ्यांदा तोडू नका. जुनी फुगलेली किडनी ही ढिल्या पिशवीसारखी असते. माणूस उताणा झोपला, की लघवी पिशवीच्या मागच्या खळग्यात साचून राहते. नळी मोकळी असली तरी. मूत्राशय भरलेला असला तर आणखीच. म्हणून आडव्या चित्रात अडल्यासारखं दिसतं. त्यासाठी ती खुर्ची. वीस मिनिटं बसवायचं, लघवी करून आणायचं, आणि मग शेवटचं चित्र. पिशवी रिकामी झाली तर रस्ता मोकळा. नाही झाली तर अडथळा. आडव्या चित्रावर निम्मी गोष्ट कळते. उरलेली निम्मी त्या खुर्चीत होती.”

बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली.

“मग तू बोलला का नाहीस?” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण भोंग्याचा नव्हता.

“कागदावर लिहिलं. ‘उताणी. उशिराचे चित्र घेतले नाही.’ प्रत्येक कागदावर लिहितो. वाचणारा वाचेल म्हणून. बाईंनी वाचलं. त्यांना तुम्ही पाठवून दिलंत.” तो उठला. “आणखी तिघांचे कागद तसेच गेले होते. त्यांना मी घरी जाऊन परत बोलावलं. तिघांनाही जिन्याच्या पायरीवर बसवून चित्र घेतलं. तिघंही मोकळे निघाले. तुमच्याकडे यायला उशीर झाला. आणि खरं सांगू? भीतीही वाटली. तुमच्यासमोर बोलायची हिंमत कुणाची असते?”

दार लागलं. वळलो तर लेक आतल्या चौकटीला धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“मी सांगत होते,” एवढंच म्हणाली.

१५ जुलै

मागची पानं वाचली. अकरा मार्च, तेवीस मार्च, सतरा, बावीस, चोवीस एप्रिल. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. ‘अहो, ती बसली म्हणजे काय होतं...’ काय होतं ते मी विचारलंच नाही. खळीची बाटली. ‘यावेळी तिला बस...’ बसवून. बाई ‘बसवून’ म्हणत होत्या.

मी साडेचारशे पुस्तकं वाचलेला माणूस, आणि एका कागदाच्या दोन ओळी वाचल्या नाहीत. छापील म्हणून.

एकोणीस मार्चचं पान फाडायला घेतलं. निम्मं फाटलं तोच समोरून दुसरं पान सुटायला लागलं. ते बावीस एप्रिलचं होतं, कागदाच्या नकलेचं. हात काढून घेतला. फाटलेला भाग मागून पट्टी लावून चिकटवला. तसाच राहू दे.

२१ जुलै

खुर्ची परत नेली. हातगाडीवर घालून फाटकाशी आलो, तर पहारेकरी म्हणाला, “सामान आत न्यायला पास.” मी म्हटलं, दवाखान्याचीच खुर्ची आहे, पाठीवर आकडा आहे. त्यानं वहीत बघितलं. “हा आकडा मोडीत निघालाय. ही खुर्ची नाहीच.”

“अरे, डोळ्यासमोर आहे!”

“वहीत नाही.”

अधीक्षकांना चिठ्ठी पाठवली. निरोप आला, की खुर्ची हटवण्याचा निर्णय समितीच्या आग्रहावरून झालेला आहे. समितीनं लेखी विरोध नोंदवल्यास विचार करू. माझ्याच मागणीच्या विरोधात मी अर्ज करायचा.

तेव्हा बायको, जिनं आयुष्यात एका मोर्चात पाऊल टाकलं नाही, ती हातगाडीवरच्या खुर्चीत चढून बसली. पदर पोटाशी घट्ट धरला आणि कण्हायला लागली. “अगं आई गं, मेले मी!” पहारेकरी गडबडला. “काय झालं ताईंना?” बायको डोळे मिटून म्हणाली, “पेशंट आहे मी. आत घेतोस का फाटकातच मरू?” फाटक उघडलं. मी गाडी ढकलली. आतल्या वळणावर ती एक डोळा उघडून म्हणाली, “असं असतं राजकारण. आता वेगानं ढकला.”

कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हसलो.

उताणेनं चिकटपट्टी बदलली, खुर्ची जुन्या जागी ठेवली, कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला. जमिनीवर तिच्या चार पायांचे डाग अजून होते. पाय बरोबर त्यांच्यावर बसले. “आता वरून ओरडा झाला तर?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “ओरड्याचं माझ्यावर सोड.” मग वाटलं, हेच वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलोय.

रात्री लेखी विरोध लिहिला. ‘मी, समितीचा अध्यक्ष, माझी एकोणीस मार्चची मागणी चूक होती असे जाहीर करतो.’ एवढं एक वाक्य लिहायला तीन कागद लागले.

१८ सप्टेंबर

आज लेकीचा पुन्हा स्कॅन. गेले तीन आठवडे तिला दुखतंय. उभ्यानंसुद्धा. हे ती सांगत होती आणि मी गप्प राहून ऐकत होतो, शेवटपर्यंत. ऐकल्यावर समजलं, की शेवटपर्यंत ऐकणं फार जड असतं.

उताणेनं मला आत उभं राहू दिलं. आधी आडव्यानं चित्रं. डावी किडनी भरली, भरलेलीच राहिली. मी मनात म्हटलं, हरकत नाही, अजून खुर्ची आहे.

मग लेक खुर्चीत बसली. वीस मिनिटं. मांडीवर हात, पाठ ताठ. बाहेर कुणीतरी ओरडलं, “आत काय झोपा काढता का? आम्ही सकाळपासून उभे आहोत!” आवाज ओळखीचा वाटला. माझाच वाटला. मी दार उघडून बघितलं, एक तरुण बाप होता, कडेवर मूल. त्याला काय सांगू? त्याचंही खरं होतं. दुसरा कॅमेरा आलेला नाही.

लेक लघवी करून आली. पुन्हा कॅमेऱ्यापुढे. शेवटचं चित्र.

उताणे पडद्याकडे बघत राहिला.

“उताणेसाहेब, बोला.”

“उतरत नाही,” तो म्हणाला. “बसूनही नाही.”

मोकळ्या रस्त्यावर कापलं, पुन्हा शिवलं, आणि व्रण सोडवताना नळीचा रक्तपुरवठा दुखावला. आता ती खरोखर अरुंद झाली आहे. हे त्यानं सावकाश सांगितलं, आणि मी एकदाही मध्ये बोललो नाही. डाव्या किडनीचा वाटा एकेचाळीस टक्क्यांवरून सव्वीस.

एप्रिलमध्ये या खुर्चीत बसली असती तर पिशवी रिकामी झाली असती. आज बसली, तेव्हा रिकामी व्हायला रस्ता उरला नाही.

२६ सप्टेंबर

लेक सर्जनबाईंकडे गेली. दोन तास बसनं. मला बरोबर चला म्हणाली नाही, येऊ नका असंही नाही. मी मागच्या सीटवर बसलो.

छोटा दवाखाना, एक बाक, बाहेर सायकली. मी बाहेरच थांबलो. अर्ध्या तासानं बाई दारात आल्या. मी उभा राहिलो.

“मॅडम,” म्हटलं, “माझं चुकलं.”

“हो,” त्या म्हणाल्या. जराही ‘असू द्या’ नाही. मला ते बरं वाटलं. “सध्या पाठीतून एक नळी घालून लघवी बाहेर काढू, किडनीला उसंत मिळेल. काही महिन्यांनी तिसरं ऑपरेशन. वाचेल असं सांगत नाही. प्रयत्न करू.”

मग आत जाता जाता थांबल्या. “त्या दिवशी मला वाक्य पुरं करता आलं नाही, हे माझ्याही मनात राहिलंय. मी तुमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायला हवं होतं. जमत नाही मला.”

परतीच्या बसमध्ये लेक माझ्या शेजारी बसली. कुशीला हात धरून खिडकीबाहेर बघत होती. मधेच म्हणाली, “बाबा, सही मीच केली होती. मी तुमच्याकडे बघितलं, पण सही मीच केली.”

३ ऑक्टोबर

उद्या समितीची सभा. राजीनामा देण्याआधी बोलणार आहे. सकाळपासून सात पानी भाषण लिहिलं. त्यात अधीक्षक आहेत, ज्यांना कॅमेरा टाळायला खुर्ची सापडली. मोठे डॉक्टर आहेत, ज्यांनी दोन मिनिटांत कागद ठेवून दिला. मीही आहे. आम्ही दुसरा कॅमेरा मागितला होता, त्यांनी आम्हाला आमचीच खुर्ची दिली, आणि मी ती मिरवत घरी आणली. हे वाक्य मला आवडलं होतं.

लेकीला वाचून दाखवलं. पाठीतल्या नळीमुळे ती कुशीवर पडून होती. म्हणाली, “पेन्सिल द्या.” पानं एकेक करून बघितली आणि खोडत गेली. अधीक्षक गेले. मोठे डॉक्टर गेले. ‘मिरवत घरी आणली’ गेलं. ‘माझ्या पापाची’ असा एक परिच्छेद होता, तो आडवी रेघ मारून गेला. मी म्हटलं, “अगं, लोक रडतील त्यावर.”

“रडून काय करतील? त्यांना काय विचारायचं ते सांगा.”

सात पानांचं एवढं उरलं. उद्या हेच वाचीन. मध्ये पाण्याचा घोट घेणार नाही.

‘स्कॅनच्या रांगेत बसलेल्या माणसांनो, किडनीच्या नळीचं ऑपरेशन झाल्यावर कुणी तुमच्यासमोर दुसऱ्या ऑपरेशनचा कागद ठेवला, तर पेन उचलण्याआधी एकच विचारा: बसवून, लघवी करून आल्यावर काढलेलं चित्र दाखवा. ते नसेल तर ते काढून घेईपर्यंत सही करू नका.’